टायरवाली मावशी

पार्किंग लॉटमध्ये उभ्या असलेल्या परक्या ट्रकपाशी जायचं, हातमोजा काढायचा आणि त्याच्या टायरात अंगठ्याचं नख रुतवून बघायचं, असं करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. श्वास गोठेल अशा थंडीत हातमोजा काढणं ही चेष्टा नव्हे. मावशी काढायची. नख रुतलं तर "हं" म्हणून पुढच्या गाडीकडे जायची. नाही रुतलं तर खिशातून एक चिठ्ठी काढून वायपरखाली खोचायची. चिठ्ठीवर इंग्रजीत एवढंच असायचं: "तुमचे टायर थंडीत दगड होतात. खाली वाकून बघा."

एकदा किराणा दुकानासमोर एक आडदांड गोरा माणूस सामानाची ढकलगाडी घेऊन आला, आणि त्याच्या नव्याकोऱ्या पिकअपच्या चाकाशी ही बाई उकिडवी बसलेली. डोक्यावर शिकाऱ्यांची भडक नारिंगी टोपी, टोपीखाली टिकली.

"मॅडम, तुम्हाला काही हवंय का?" त्याने त्या खास अमेरिकन गोडव्याने विचारलं, ज्याचा अर्थ 'चालती हो' असा असतो.

"मला काही नको," मावशी उठत म्हणाली. "तुला हवेत. चार."

मी मागे पिशव्या धरून उभी होते. लाज वाटली का? अजिबात नाही. मला वाटलं, ही बाई माझी आहे.

आमचं गाव मिशिगनच्या पार उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठावर. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी सनीव्हेलला आणि रेडमंडला गेलेले माझे बॅचमेट फोनवर ट्रॅफिकची आणि पावसाची रड गायचे. आमच्याकडे तळ्यावरून ढग यायचे आणि रिकामे होऊनच जायचे. घरांचे पहिले मजले बर्फात बुडायचे, स्टॉपच्या पाट्यांचे फक्त माथे दिसायचे. मी तिथे पीएच.डी.साठी गेले होते आणि मावशीच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. मूळची मी नागपूरची, कॉलेजपासून पत्रकांवर वाढलेली. फीवाढ असो, होस्टेलचं पाणी असो, रात्री बसून मजकूर लिहायचा आणि सकाळी गेटवर वाटायचा, ही माझी सवय. अमेरिकेत आल्यावरही ती सुटली नाही. शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यासाठी आम्ही पत्रकं काढली, हातातला कर्णा घेऊन ओरडलो. त्यामुळे मावशीची चिठ्ठी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिला सुनावलं.

"यात राग कुठे आहे? मागणी कुठे आहे? असं पत्रक असतं का?"

"तुझं पत्रक वाचून माणूस चिडतो," ती म्हणाली. "माझं वाचून तो वाकतो. आता सांग, कुठलं कामाचं?"

मावशी कऱ्हाडची. तिच्या वडिलांचं हायवेवर टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पुढे ओहायोत रबरावर पीएच.डी. केली आणि मग आमच्या गावाबाहेरच्या जंगलातल्या एका टेस्ट ट्रॅकवर इंजिनिअर म्हणून आली. हिवाळ्यात तिथे निरनिराळ्या कंपन्या आपले टायर बर्फावर चालवून बघायला आणत. पिकअप आणि ट्रकचे टायर हा मावशीचा विभाग. ती ते नुसते कागदावर तपासत नसे. स्वतः ट्रकमध्ये बसायची, वेग घ्यायची आणि ब्रेक मारायची. दिवसभर.

नम्रपणा तिला शिवलेला नव्हता. आपल्याकडे बाईने बोलताना 'मला यातलं फारसं कळत नाही, पण' अशी सुरुवात करायची रीत आहे. मोठमोठ्या डॉक्टरीणबाई, प्राध्यापिका हेच करतात, आणि ऐकताना माझं डोकं फिरतं. मावशी 'मला कळतं' इथून सुरुवात करायची. पुढे खरोखरच कळत असल्याचं दाखवून द्यायची. गावात आम्ही जेमतेम मूठभर मराठी. नव्या पोरांपैकी कुणी तिला काकू म्हटलं की ती थांबवायची. "काकू व्हायला आधी काका लागतो. मी मावशी. स्वतःच्या जोरावर."

तिच्याकडे जेवायला जाणाऱ्याला आधी एक परीक्षा द्यावी लागे. फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी रबराच्या दोन पट्ट्या ठेवलेल्या असत. एक साध्या, बारमाही टायरची, एक हिवाळी टायरची. पाहुण्याच्या हातात दोन्ही द्यायची. "वाकव." बारमाही पट्टी चार दिवसांच्या भाकरीसारखी कडक. हिवाळी पट्टी त्याच फ्रीझरमधून निघूनही लवायची.

"कळलं?" ती विचारायची. "टायर जमिनीला चिकटला तर गाडी तुझी. नाहीतर गाडी देवाची."

"मावशी, पण जेवण..."

"वाढते. आधी हात धू. रबर लागलंय."

बर्फाला 'बर्फ' म्हटलेलं तिला चालत नसे. बर्फ म्हणजे काय? कुठला बर्फ? सकाळी दार उघडून ती बुटाने थोडा उडवायची आणि जाहीर करायची. आज पिठी आहे. आज रवा आहे. आज साबुदाणा. दुपारी गाड्यांनी चेपून गुळगुळीत केलेला तो थापीव. सगळ्यात वाईट म्हणजे थापिवावर ऊन पडून पुन्हा गोठलेला, त्याला ती काच म्हणायची आणि त्या दिवशी कुणी घराबाहेर पडायचं म्हटलं की ओरडायची. हिवाळी टायरला बारीक बारीक चिरा का असतात, असं एकदा मी विचारलं. त्या वेळी ती रव्याचे लाडू वळत होती. माझ्यासमोर मूठ उघडून म्हणाली, "हा लाडू कशाने वळला? रव्याला रवा धरतो म्हणून. टायरच्या खाचेत बर्फ भरतो, तो रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. रबर-बिबर नंतर. आधी बर्फाला बर्फच धरतो. पण खाच उथळ झाली, झिजली, की भरणार कशात? मग तो टायर नाही, परात आहे."

टायरची शास्त्रीय कारणं मी नंतर पुस्तकात वाचली. लाडवाइतकी स्वच्छ कुठेच सापडली नाहीत.

एका गोष्टीचा तिला मनस्वी संताप होता, आणि त्या बाबतीत आमचं दोघींचं रक्त एकदम तापायचं. टायरच्या कडेला एम आणि एस अशी दोन अक्षरं असतात. मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ. ती बघून लोक निर्धास्त होतात. पण ती अक्षरं कंपनी आपली आपण छापते. खाचांची नक्षी ठरावीक प्रकारची असली की झालं. टायर बर्फावर नेऊन बघण्याची सक्ती नाही. म्हणजे पेपर न लिहिता विद्यार्थ्याने आपल्याच मार्कशीटवर सही करायची! मी म्हटलं, यावर तर पत्रक झालंच पाहिजे. मावशी म्हणाली, "डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, असं चित्र असेल तर निदान बर्फावर नेऊन बघितलेला असतो. पण तिथेही बघतात काय, तर निघताना किती धरतो. थांबताना किती धरतो ते नाही." मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "या देशात सगळ्यांना निघायची घाई. थांबायचं कुणी विचारत नाही."

फोर-व्हील ड्राइव्हवरून फुशारकी मारणाऱ्यांना तिचं ठरलेलं उत्तर होतं. "चार चाकं ढकलतात म्हणजे तू लवकर निघतोस. ब्रेक सगळ्यांच्याच चारही चाकांना असतात. त्यात तुझं विशेष काय?"

गाडीत ती रेडिओ लावू देत नसे. बर्फावर तर बोलूही देत नसे. टायरचा आवाज ऐकायचा. थापीव बर्फावर टायर बारीक कुरकुरतो. कुरकुर थांबली की पकड सुटली. मी तिच्याशेजारी बसून कितीतरी मैल गप्प गेले आहे. माझ्यासारखीला गप्प बसवणारं दुसरं माणूस जगात नाही.

आता ओंकारची गोष्ट.

ओंकार नाशिकचा, सिव्हिलचा विद्यार्थी, दुसराच हिवाळा. सरळ पोरगा. आमच्या गावात एक संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण घरपोच द्यायची. स्वयंसेवक पिकअप ट्रक घेऊन दूरदूरच्या घरांपर्यंत जायचे, आणि त्यात बरीच आमची परदेशी पोरं होती, कारण ती नाही म्हणत नसत. ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह, मागे सैनिकांना पाठिंबा दाखवणाऱ्या पिवळ्या रिबिनीचा स्टिकर, टायरवर ती दोन अक्षरं. एका सकाळी जंगलातला उतार जिथे हायवेला मिळतो त्या स्टॉपच्या पाटीपाशी ओंकारने ब्रेक मारला, आणि ट्रक थांबला नाही. सावकाश, अगदी सावकाश घसरत हायवे ओलांडून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात जाऊन घुसला. त्या क्षणी हायवेवर कुणी नव्हतं, एवढंच नशीब. जेवणाचे डबे उपडे झाले, ओंकारला खरचटलंही नाही.

संस्थेच्या डायरेक्टरने दुसऱ्या दिवशी निकाल दिला. चूक ड्रायव्हरची. "उष्ण देशातली मुलं आहेत," तो म्हणाला, "त्यांना बर्फ कळत नाही." ओंकारला काढलंच, शिवाय यापुढे परदेशी विद्यार्थ्यांना ट्रक द्यायचा नाही असं ठरवलं. आणि युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला कळवणार म्हणाला. अकरा सप्टेंबरनंतरच्या त्या वर्षांत हे कळवणं म्हणजे काय, हे आमच्या रंगाच्या पोरांना सांगावं लागत नव्हतं. विमानतळावर ज्यांना दर वेळी बाजूला काढायचे ती हीच पोरं. आपल्या नावापुढे कुठलाही शेरा नको, एवढीच सगळ्यांची धडपड. ओंकार खोलीत बसून राहिला. कॉलिंग कार्ड घेऊन घरी फोन करायचा आणि सांगायचा, "सगळं मजेत आहे आई."

माझं पत्रक त्याच संध्याकाळी तयार झालं. वंशभेद, अपमान, फुकट राबवून घेणं, सगळं त्यात होतं. आणि प्रत्येक शब्द खरा होता. मावशीने ते उभ्या उभ्या वाचलं.

"छान आहे. टायर कुठे आहे?"

"मावशी, हा टायरचा प्रश्न नाहीये!"

"ट्रक थांबला नाही ना? मग टायरचाच आहे. आधी तिथून सुरुवात." तिने ओंकारला बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. समोर पोहे ठेवले आणि उलटतपासणी सुरू केली. वेग किती होता? कुठे ब्रेक मारलास? बर्फ कसला होता?

"थापीव," ओंकार म्हणाला. तिचे शब्द सगळ्यांना पाठ होते.

"वेगाचं खोटं सांगितलंस तर आत्ताच सांग. नंतर सापडलं तर मीच तुला कायमचं बसने फिरायला लावीन."

"खरंच हळू होतो मावशी. आईशप्पथ. ब्रेक मारला होता मी."

"कसा मारलास?"

"म्हणजे... मारला."

मावशीने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. मग ती संस्थेच्या आवारात गेली, हातमोजा काढला, नख लावलं. "दगड," माझ्याकडे वळून म्हणाली. "खाचा दिसायला खोल आहेत, म्हणून यांना नवे वाटतात. रबर उन्हाळ्याचं आहे."

डायरेक्टरला तिने सरळ आव्हान दिलं. जत्रेच्या मैदानाला हिवाळ्यात कुणी विचारत नाही. तिथे तसाच उतार आहे. तोच ट्रक, तोच वेग, थापीव बर्फ. लोकांसमोर. डायरेक्टर खुशीत हो म्हणाला. त्याला वाटलं, नारिंगी टोपीतली बाई स्वतःचं हसं करून घेणार.

आदल्या दिवशी माझं आणि मावशीचं कडाक्याचं भांडण झालं. मी तिला शहाणपणाचं सांगत होते. चढ चढायची चाचणी ठेवू नकोस, त्यात फोर-व्हील ड्राइव्ह जिंकेल. ड्रायव्हर आपला आण. आणि ओंकारला ट्रकला हात लावू देऊ नकोस.

"म्हणजे सभा घ्यायचीय तुला," ती म्हणाली. "सभेत आपली माणसं आणतात. चाचणीत समोरच्याची आणायची. चढही चढायचा, आणि ओंकारही चालवणार."

"आणि उलटं निघालं तर? त्या पोराचं काय होईल कळतंय ना तुला?"

"कळतंय म्हणून तर."

रविवारी दुपारी मैदानाच्या दोरीमागे बरीच गर्दी जमली. चर्चमधले स्वयंसेवक, आमची पोरं, जेवण घेणाऱ्यांपैकी दोन-तीन आजोबा. मटणाच्या करंजीसारखा इथला तो पेस्टी नावाचा पदार्थ कुणीतरी वाटत होतं. मावशीने उताराच्या तळाशी हायवे म्हणून लाल रंगाची रेघ ओढली होती आणि रेघेपलीकडे रिकामी खोकी रचली होती. ड्रायव्हर डायरेक्टरनेच निवडला: अर्नी, आयुष्यभर लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवून निवृत्त झालेला म्हातारा. बर्फात जन्मलेला. मावशीने माझ्या हातातून कर्णा काढून घेतला.

आधी चढ. अर्नीने ट्रक सरसर वर नेला. डायरेक्टरच्या बाजूने टाळ्या.

"चढला!" मावशी कर्ण्यातून गरजली. "झकास चढला! माझ्या हिवाळी टायरवरही यापेक्षा फार वेगळा चढला नसता!"

मी डोकं धरलं.

मग उतार. अर्नी ठरलेल्या वेगाने खाली आला, खुणेपाशी ब्रेक दाबला. ट्रक कुरकुरला, मग गप्प झाला. गप्प राहूनच लाल रेघ ओलांडून खोक्यांत शिरला. लोक हसले. अर्नी हसला नाही. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही खोकी उडाली. आता कुणी हसत नव्हतं.

मग ओंकार बसला. तोच वेग, तीच खूण. ट्रक रेघ ओलांडून, खोकी ढकलत, अर्नीपेक्षा अख्खा एक ट्रक पुढे गेला. दोरीपाशी उभी माणसं मागे सरली. सगळे ट्रककडे बघत होते. मावशी एकटीच ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत होती. ती तरातरा खाली गेली, काच खाली घ्यायला लावली आणि तिथूनच कर्णा तोंडाला लावला.

"हा ब्रेक पंप करतोय. दिवे उघडझाप करत होते. हे चूक आहे. यामुळे तो जास्त घसरला."

"बघा!" डायरेक्टर ओरडला.

मी दोरीखालून वाकून धावले. "मावशी, काय करतेयस तू? कुणाच्या बाजूने आहेस?"

"दिसलं ते सांगतेय."

ओंकारचा चेहरा खडूसारखा झाला होता. "बाबांनी असंच शिकवलंय," तो पुटपुटला. "कसारा घाटात, जीपवर... ब्रेक दाबून धरायचा नाही, टप टप मारायचा. नाहीतर चाकं लॉक होतात."

"बाबा बरोबर आहेत," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळाच होता, लाडू वळतानाचा. "त्यांच्या जीपला तेच बरोबर. या ट्रकमध्ये ते टप टप मशीन स्वतः करतं, तुझ्यापेक्षा भराभर. तू पाय उचललास की त्याचं काम मोडतं. दाबायचा आणि धरून ठेवायचा. पायाखाली थरथरेल. थरथरू दे."

"आता दाबून धरू?"

"आत्ता नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी टायर."

तिच्या ट्रॅकवरच्या माणसांनी तिथेच चारही चाकं बदलली. मधल्या वेळात लोक पाय आपटत उभे राहिले, पण कुणी गेलं नाही. हिवाळी टायरवर अर्नी खाली आला, ब्रेक दाबला. ट्रक कुरकुरत राहिला आणि लाल रेघेच्या चांगलाच अलीकडे थांबला. अर्नीने खिडकीतून डोकं काढून रेघेकडे पाहिलं, जणू ती कुणीतरी हलवली असावी. मग ओंकार, मावशीच्या हुकमाने मुद्दाम तसाच पंप करत. ट्रकचं नाक रेघेवर आलं. थांबलं. मग ओंकार, ब्रेक दाबून धरून. अर्नीच्याच ठिकाणी थांबला, वीतभराचा फरक असेल.

मावशीने कर्णा उचलला. "चूक दोघांची आहे. पायाची छोटी, टायरची मोठी. चांगल्या टायरवर चुकीचा पाय रेघेवर थांबला. वाईट टायरवर बरोबर पाय हायवेच्या पलीकडे गेला. मला एवढंच म्हणायचंय."

डायरेक्टर काहीतरी बोलणार होता. पण अर्नी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"त्या सकाळी मी चालवत असतो तर मीही पलीकडच्या ढिगात असतो," तो म्हणाला. "आणि मी उष्ण देशातला नाही."

मी आजवर शेकडो घोषणा लिहिल्या. त्या वाक्याच्या जवळ जाईल अशी एकही नाही.

डायरेक्टरने सगळ्यांसमोर सांगितलं की ट्रकला हिवाळी टायर लागतील, युनिव्हर्सिटीला काही कळवलं जाणार नाही आणि परदेशी मुलं पूर्वीसारखी ट्रक चालवतील. मावशीने आपली एक अट घातली: इथून पुढे प्रत्येक स्वयंसेवकाने, देशी असो वा परदेशी, आधी या मैदानावर ब्रेक मारून दाखवायचा. सुरुवात डायरेक्टरपासून. त्याला नाही म्हणता येईना. तो ट्रकमध्ये बसला, उतार उतरला, आणि मागचे दिवे टप टप उघडझाप करू लागले.

"यांनाही नाशिकच्याच बाबांनी शिकवलेलं दिसतंय," मावशी मराठीत म्हणाली, कर्ण्यातूनच. आमची सगळी पोरं हसून हसून बर्फात बसली. ओंकारही. कितीतरी दिवसांनी.

घरी परतताना मात्र मी फुरंगटून होते. गाडी दारात उभी राहिल्यावरच बोलायची मुभा असल्यामुळे तोवर सगळं साठवून ठेवलं आणि मग सोडलं. "तू भर गर्दीत त्याची चूक सांगितलीस. अर्नी बोलला नसता तर? डायरेक्टरने तेवढीच चूक पकडून ठेवली असती तर त्या पोराचं नाव कायमचं गेलं असतं."

"मग पुन्हा उभी राहिले असते. पुन्हा मोजलं असतं." तिने इंजिन बंद केलं. "तुझं ऐकलं असतं तर तो निर्दोष सुटला असता. टाळ्या घेऊन. आणि पुढच्या बर्फात पुन्हा तसाच टप टप करत गेला असता. तुला त्याचं नाव वाचवायचं होतं गं. मला तो."

पण स्पष्ट सांगते, डायरेक्टरचा हिशोब माझ्याकडे अजून मिटलेला नाही. 'उष्ण देशातली मुलं' या शब्दांबद्दल त्या माणसाने कधीही माफी मागितली नाही, आणि मागायला लावायला हवी होती. मावशीला तसं म्हटलं तर म्हणाली, "ते तुझं खातं. लिही पत्रक." मी लिहिलं. कॅम्पसभर वाटलं. त्यात या वेळी टायरही होता.

तिला माझ्या चळवळी जुनाट वाटायच्या आणि मला तिचा हा मोजण्याचा हट्ट कधीकधी निर्दय वाटायचा. पण परदेशात आपल्या माणसांची बाजू घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. मंडळात भाषणं करणारे, आपला म्हटला की सगळं झाकणारे. आपल्या पोराची चूक भर मैदानात कर्ण्यातून सांगून, वर त्यालाच जिंकवून आणणारी बाई मी एकटी मावशीच पाहिली. तिच्या बेसमेंटमध्ये मी राहिले आहे, हे मी ओळख करून देताना डिग्रीच्या आधी सांगते.

ओंकार पुन्हा ट्रक घेऊन निघाला त्या दिवशी मावशीने सुट्टी काढली होती. ती त्याच्या शेजारी बसली, मी मागच्या सीटवर डबे धरून. वाटाण्याच्या सूपचा वास गाडीभर. रेडिओ बंद, तोंडं बंद. रात्री पडलेली पिठी सकाळच्या गाड्यांनी थापली होती. तो उतार आला. तीच पाटी, माथ्यापर्यंत बर्फात. ओंकारचे खांदे वर गेले. मला आरशात त्याचे डोळे दिसत होते आणि मी डब्यांची झाकणं दाबून धरली होती. त्याने पाय ठेवला. ठेवूनच ठेवला. ट्रक थरथरला, कुरकुरला, कुरकुरत राहिला आणि पाटीच्या अलीकडे उभा राहिला.

हायवेवरून ओंडक्यांनी लादलेला एक लांबलचक ट्रक आमच्या नाकासमोरून धडधडत गेला. त्याने उडवलेल्या बर्फाने समोरची काच पांढरी झाली. वायपर फिरला. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा झाला. ओंकार तसाच बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर रोवलेला.

मावशीने त्याच्याकडे बघितलं. मग समोर.

"अरे, आता सोड," ती म्हणाली. "जेवणं गार होतायत."